दीडशेपैकी एक

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांवर जाहिरातीची मुदत संपली की तो फलक काळ्या कागदानं झाकला जाई. कीथ हेरिंग या तरुण चित्रकाराच्या नजरेला ते रिकामे काळे चौकोन पडले. त्यानं पांढरे खडू विकत आणले आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्यांच्यावर रेखाटायला सुरुवात केली. रांगणारं तेजस्वी बाळ, भुंकणारा कुत्रा, उडत्या तबकड्या, नाचणारी माणसं. पुढच्या पाच वर्षांत त्यानं अशी हजारो चित्रं काढली. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडलं, पण रोज कामावर जाणाऱ्या लाखो माणसांनी ती चित्रं पाहिली, आणि तीही एक छदाम न मोजता.

मग हेरिंगचं नाव झालं, कलादालनांतून त्याची चित्रं विकली जाऊ लागली आणि स्थानकांवरचे काळे कागद रातोरात गायब होऊ लागले. माणसं ते फाडून घरी नेत होती, विकत होती. १९८५ च्या सुमारास हेरिंगनं भुयारातलं काम थांबवलं, त्यामागचं हे एक मोठं कारण होतं. चित्र प्रवाशांसाठी काढायचं आणि ते प्रवाशांनी बघण्याआधीच कुणाच्या तरी तिजोरीत जायचं, तर काढायचं कशाला?

रस्त्यावरच्या चित्राचा पेच इथं उघडा पडतो. ते सगळ्यांचं असतं, म्हणूनच ते कुणा एकाला घरी नेता येत नाही. नेलं तर बाकीच्या सगळ्यांचं जातं. लंडनच्या वुड ग्रीन भागात २०१२ साली एका दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बँक्सीचं एक चित्र उमटलं. शिवणयंत्रावर वाकलेला एक लहान मुलगा ब्रिटिश झेंड्यांची तोरणं शिवतो आहे. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची तयारी तेव्हा सुरू होती. २०१३ च्या फेब्रुवारीत भिंतीचा तेवढा तुकडा कापून काढण्यात आला आणि तो थेट अमेरिकेत मायामीच्या लिलावात दिसला. वुड ग्रीनच्या रहिवाशांनी आवाज उठवल्यावर तो तिथून मागे घेतला गेला. पण त्याच वर्षी लंडनमध्ये तो साडेसात लाख पौंडांच्या वर विकला गेला. चित्र ज्यांच्या गल्लीत होतं त्यांच्या हाती भिंतीला पडलेलं भगदाड राहिलं.

या पेचातून रस्त्यावरच्या कलावंतांनी काढलेली सरळ आणि प्रामाणिक वाट म्हणजे मर्यादित आवृत्तीची प्रिंट. भिंत भिंतीच्या जागी राहते. ते चित्र कलावंत स्वतः कागदावर छापतो, किती प्रती काढल्या ते सांगतो, प्रत्येक प्रतीवर क्रमांक घालतो आणि बहुतेक वेळा पेन्सिलीनं सहीही करतो. या प्रती जमवणाऱ्यांचं एक जग गेल्या पंचवीस वर्षांत उभं राहिलं आहे. ते समजून घ्यायचं तर आधी दुकानात, मग छापखान्यात जायला हवं.

दोन दुकानं

हेरिंगनं एप्रिल १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सोहो भागात, २९२ लाफायेट स्ट्रीटवर ‘पॉप शॉप’ उघडलं. आतल्या भिंती आणि छत त्यानं स्वतःच्या काळ्या-पांढऱ्या रेषांनी भरून टाकलं होतं. टी-शर्ट, बिल्ले, पोस्टरं, चुंबकं असा माल. समीक्षकांनी नाकं मुरडली. कलावंतानं दुकानदार व्हावं हे त्यांना पटेना. पॉप आर्टचा नामवंत चित्रकार अँडी वॉरहॉल यानं मात्र त्याला पाठिंबा दिला. हेरिंगची भूमिका स्पष्ट होती. भुयारात ज्यांनी त्याची चित्रं फुकट पाहिली, त्यांना परवडेल असं काहीतरी त्यांच्या हाती पडायला हवं. दुकानातल्या स्वस्त मालाबरोबरच त्यानं दुकानाच्याच नावाच्या मालिकेत प्रत्येकी २०० प्रतींच्या, सही केलेल्या स्क्रीन प्रिंटही काढल्या. १९९० मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, एड्सशी संबंधित आजारानं तो गेला. दुकान २००५ पर्यंत चाललं.

दुसरं दुकान लंडनचं. २००३ च्या सुमारास बँक्सी आणि त्याच्या गोतावळ्यातल्या कलावंतांनी ‘पिक्चर्स ऑन वॉल्स’ ही प्रिंट छापून विकणारी संस्था सुरू केली. संग्राहक तिला ‘पॉव’ म्हणतात. कलादालनांना ही मंडळी नको होती आणि कलादालनांची टक्केवारी या मंडळींना नको होती. पॉवच्या प्रिंट शिक्षकाला, बस चालवणाऱ्याला, कॉलेजातल्या मुलाला घेता येतील अशा किमतीला विकल्या जात. नाताळात एखादं रिकामं दुकान भाड्यानं घेऊन तिथं ‘सांताज् घेटो’ नावाचं तात्पुरतं प्रदर्शन भरे.

अमेरिकेत शेपर्ड फेअरीनं हेच स्वतःच्या पद्धतीनं केलं. १९८९ मध्ये ऱ्होड आयलंडच्या कला महाविद्यालयात शिकत असताना त्यानं आंद्रे द जायंट या अवाढव्य पैलवानाच्या चेहऱ्याचा स्टिकर बनवला. त्यातूनच पुढं ‘ओबे’ ही त्याची ओळख तयार झाली. काही शे प्रतींची नवी प्रिंट थेट स्वतःकडून, मध्यस्थाशिवाय विकायची आणि त्या पैशातून भिंतींवरच्या पुढच्या पोस्टरांचा खर्च काढायचा, हा त्याचा शिरस्ता. २००८ च्या अमेरिकी निवडणुकीतलं बराक ओबामांचं ‘होप’ पोस्टर अशाच मार्गानं पसरलं. छोट्या आवृत्तीच्या विक्रीतून मोठी छपाई झाली, त्यातून आणखी मोठी. आज त्याची मूळ कोलाज प्रत वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

जाळीतून कागदावर

रस्त्यावरच्या कलावंतांच्या बहुतेक नावाजलेल्या प्रिंट स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेल्या आहेत. हे तंत्र मराठी वाचकाला परकं नाही. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, गणेशमंडळांचे टी-शर्ट छापणाऱ्या गल्लीतल्या छापखान्यात तेच चालतं. चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवतात. तिच्यावर प्रकाशानं कडक होणाऱ्या इमल्शनचा थर देतात. पारदर्शक फिल्मवर काळ्या रंगात काढलेलं चित्र तिच्यावर ठेवून प्रखर प्रकाश टाकतात. काळ्याखाली झाकलेला भाग मऊ राहतो आणि पाण्यानं धुतला जातो, उरलेला कडक होतो. मग जाळीवर शाई ओतून रबरी पट्टीनं, म्हणजे स्क्वीजीनं, ओढली की मोकळ्या भागातूनच ती खालच्या कागदावर उतरते.

प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते. एक रंग वाळला की दुसरा, मग तिसरा. दोन रंग नेमके एकमेकांच्या शेजारी बसावेत म्हणून कागद दर वेळी त्याच खुणांवर ठेवावा लागतो. या जुळवणीत केसाएवढा फरक झाला तरी कडेला पांढरी रेघ दिसते. चांगला छापणारा असे कागद बाजूला काढून नष्ट करतो.

स्टेन्सिलनं काम करणाऱ्या कलावंताला हे तंत्र का भावलं, ते यातून कळतं. स्टेन्सिलमध्ये पुठ्ठ्यात आकार कापायचा, तो भिंतीवर धरायचा आणि वरून स्प्रे मारायचा. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा यानं १९८१ पासून उंदरांचे ठसे याच रीतीनं उमटवले. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तोच कापलेला आकार जाळीवर येतो. भिंतीवरच्या चित्राची छायाचित्रित नक्कल यापेक्षा फार वेगळी असते. स्टेन्सिलकारानं काढलेली स्क्रीन प्रिंट ही त्याच्या मूळ रीतीचीच कागदावरची शाखा आहे.

बँक्सीच्या ‘गर्ल विथ बलून’चं उदाहरण घ्या. लंडनच्या साउथ बँकवर, वॉटर्लू पुलाजवळ, २००२ मध्ये ही मुलगी पहिल्यांदा दिसली. काळ्या रंगातली मुलगी आणि हातातून सुटलेला लाल, हृदयाच्या आकाराचा फुगा. छापायला रंग दोनच. पॉवनं २००४-०५ मध्ये तिची प्रिंट काढली ती १५० सही केलेल्या आणि ६०० सही नसलेल्या प्रतींची. भिंतीवरची ती मुलगी केव्हाच पुसली गेली.

कागदाखालचा अपूर्णांक

प्रिंटच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ४५/१५० असं लिहिलेलं असतं. खालचा आकडा आवृत्तीत एकूण प्रती किती ते सांगतो, वरचा ही कितवी ते. नव्या संग्राहकाला १/१५० फार मोलाची वाटते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायच्या पद्धतीत पत्रा हळूहळू झिजतो, तिथं आधीच्या प्रतीला अर्थ होता. स्क्रीन प्रिंटमध्ये शंभरावी प्रत पहिलीइतकीच स्पष्ट निघते. शिवाय वाळलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून सही करताना क्रमांक कोणत्याही क्रमानं पडतात.

आवृत्तीबाहेरच्या प्रतींनाही नावं आहेत. ‘एपी’ म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, कलावंतानं स्वतःसाठी राखलेल्या प्रती. ‘पीपी’ छापणाऱ्याच्या. ‘एचसी’ विक्रीसाठी नसलेल्या. ‘एचपीएम’ म्हणजे छापल्यावर कलावंतानं हातानं रंगवलेली, त्यामुळे प्रत्येक वेगळी. ठरावीक तासांत जितक्या मागण्या येतील तितक्याच प्रती काढायच्या, अशी ‘टाइम्ड एडिशन’ही आता रूढ झाली आहे. पॅरिसचा इन्व्हेडर तर आवृत्ती एकावर आणून ठेवतो. जगभरच्या भिंतींवर तो फरशीच्या तुकड्यांतून व्हिडिओ गेममधले परग्रहवासी चिकटवतो आणि त्या प्रत्येकाची एकच प्रतिकृती, ओळखपत्रासह, विकतो. ती तो ‘एलियस’ या नावानं देतो.

आता मुख्य मुद्दा. स्क्रीन लवकर झिजत नाही. १५० प्रती छापणाऱ्याला १५०० छापायला काही अडचण नसते. म्हणजे या दुर्मिळतेला यंत्राची किंवा साहित्याची मर्यादा कारणीभूत नाही. कलावंतानं स्वतःहून घातलेली ती मर्यादा आहे. छपाई संपली की जाळीवरचं इमल्शन धुऊन टाकतात, आणि उरतं ते एक वचन की यापुढं ही प्रत निघणार नाही. संग्राहक पैसे मोजतो ते चित्रासाठी आणि या वचनासाठीही.

वचन मोडलं की काय होतं, याचा मोठा धडा चित्रकार साल्वादोर दालीनं दिला. त्यानं कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या करून ठेवल्या. १९७४ मध्ये फ्रान्सच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवलेल्या एका ट्रकमध्ये असे ४०,००० कोरे कागद सापडले. त्या कागदांवर कुणी काय छापलं याचा हिशेब कुणाला लागणार? दालीच्या उत्तरकाळातल्या प्रिंटकडे आजही जाणकार संशयानं बघतात. त्याच दशकात, १९७१ पासून, कॅलिफोर्नियात एक कायदा लागू झाला. प्रिंट विकणाऱ्यानं कलावंत कोण, आवृत्ती किती, छपाई कोणत्या पद्धतीची हे खरेदीदाराला लेखी द्यायलाच हवं, असं तो सांगतो.

अर्धी नोट

बँक्सीच्या बाबतीत वचन तपासणं आणखी अवघड, कारण वचन देणारा माणूसच अज्ञात आहे. नकली माल बाजारात येऊ लागल्यावर २००८ मध्ये ‘पेस्ट कंट्रोल’ ही संस्था स्थापन झाली. बँक्सीचं काम अस्सल आहे की नाही हे ठरवणारी ती एकमेव अधिकृत संस्था. रस्त्यावरून उचकटलेल्या कामाला ती प्रमाणपत्र देत नाही; ते भिंतीवरच राहावं ही बँक्सीची भूमिका त्यामागं आहे.

तिच्या प्रमाणपत्राची घडण मोठी कल्पक आहे. २००४ मध्ये बँक्सीनं दहा पौंडांच्या नोटेची नक्कल छापली होती. राणीच्या जागी राजकन्या डायनाचा चेहरा आणि ‘बँक्सी ऑफ इंग्लंड’ हे नाव. ही नोट आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातही आहे. पेस्ट कंट्रोल अशी एक नोट मधोमध फाडते. अर्धा तुकडा प्रमाणपत्राला टाचते, अर्धा स्वतःकडे ठेवते. नोटेवर हातानं लिहिलेला क्रमांक दोन्ही तुकड्यांवर विभागला जातो. शंका आली तर दोन फाटक्या कडा जुळवून बघायच्या. कागदाची कितीही चांगली नक्कल करता येईल, पण फाटण्याच्या रेघेची नक्कल करता येत नाही.

एवढा खटाटोप का, हे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिसलं. इटलीतल्या पिसा इथल्या तपास अधिकाऱ्यांनी बँक्सी, वॉरहॉल, पिकासो अशांच्या नावांवर खपवायच्या २,१०० हून जास्त बनावट कलाकृती उघडकीला आणल्या. बाजारात गेल्या असत्या तर त्यांचे सुमारे २० कोटी युरो झाले असते, असा अंदाज होता.

भाव चढतो तेव्हा

साध्या माणसासाठी काढलेल्या प्रिंट त्याच्या हातून निसटू लागल्या. काही जण घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुप्पट-चौपट भावानं विकत. बाजारात त्यांना ‘फ्लिपर’ म्हणतात. ५ ऑक्टोबर २०१८ ला लंडनच्या सदबीज् लिलावात ‘गर्ल विथ बलून’चा कॅनव्हास दहा लाख पौंडांवर विकला जाताच चौकटीत दडवलेल्या यंत्रानं तो अर्ध्यापर्यंत कापून त्याच्या पट्ट्या केल्या. ‘लव्ह इज इन द बिन’ असं नवं नाव मिळालेलं तेच चित्र २०२१ मध्ये १ कोटी ८५ लाख पौंडांवर गेलं. त्याच वर्षी या मुलीच्या वेगळ्या रंगातल्या एका प्रिंटनं, एका कागदानं, दहा लाख पौंडांचा टप्पा ओलांडला. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाजार थंडावला आणि चढ्या भावात घेतलेल्यांना तोटाही झाला. पॉव तोपर्यंत, २०१७ च्या अखेरीस, बंद झालेली होती. आपल्या कलावंतांचं यशच आपल्या मूळ हेतूच्या आड आलं, हे तिच्या चालकांनी निरोप घेताना मोकळेपणानं सांगितलं.

बँक्सीनं यावर उपाय शोधायचा प्रयत्न केला. १३ ऑक्टोबर २०१३ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका म्हाताऱ्याला साधा स्टॉल लावून बसवलं. अस्सल, सही केलेले छोटे कॅनव्हास, प्रत्येकी ६० डॉलर, पाटीवर बँक्सीचं नाव नाही. दिवसभरात तीन गिऱ्हाइकं आली, गल्ला ४२० डॉलर. एका बाईनं घासाघीस करून मुलांसाठी दोन निम्म्या भावात घेतले. नाव न पाहता, डोळ्यांना आवडलं म्हणून घेतलेले असे दोन कॅनव्हास २०१४ मध्ये लंडनच्या लिलावात १,२५,००० पौंडांना गेले. २०१९ च्या त्याच्या ‘ग्रॉस डोमेस्टिक प्रॉडक्ट’ या विक्रीत प्रत्येकाला एकच वस्तू घेता येत होती आणि आधी एका प्रश्नाचं उत्तर लिहावं लागत होतं: कला महत्त्वाची का आहे?

घेताना काय बघावं

बँक्सीपासून सुरुवात करायची गरज नाही. आज भिंतींवर उत्तम काम करणारे कितीतरी कलावंत शंभर-दोनशे प्रतींच्या प्रिंट काढतात. थेट कलावंताकडून किंवा ज्यानं आवृत्ती छापली त्या प्रकाशकाकडून घेणं सगळ्यात सुरक्षित. पावती, पत्रव्यवहार, पाकीट, सगळं जपून ठेवावं. पुढं कधी प्रिंट दुसऱ्याच्या हाती गेली तर तिचा इतिहास सांगणारे तेवढेच पुरावे असतात. विकणाऱ्यानं स्वतःच छापून दिलेल्या प्रमाणपत्राला काडीची किंमत नाही. प्रमाणपत्र कलावंताचं किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेचं हवं.

हातात भिंग घ्यावं. स्क्रीन प्रिंटमधला सपाट रंग भिंगाखालीही सलग दिसतो. इंकजेट किंवा ऑफसेटमध्ये बारीक ठिपक्यांची गर्दी दिसते. कागद तिरक्या उजेडात धरला तर स्क्रीन प्रिंटच्या शाईला किंचित उंची जाणवते. इंकजेट प्रिंट म्हणजे फसवणूक असं मुळीच नाही. उत्तम कागदावरच्या अशा प्रिंटना ‘जिक्ले’ म्हणतात आणि त्या टिकतातही. फक्त स्क्रीन प्रिंट म्हणून विकलेली वस्तू स्क्रीन प्रिंटच असायला हवी. समास कापलेला नाही ना, प्रकाशकाचा उठावाचा शिक्का जागेवर आहे ना, कागदाचा आकार नोंदल्याप्रमाणे आहे ना, हेही बघावं. याच कलावंतानं हेच चित्र दुसऱ्या रंगात किंवा आकारात पुन्हा काढलं आहे का, ते आधी विचारावं. वचनाला वळसा घालायची ती नेहमीची वाट आहे.

आपल्याकडे छापील चित्राशी घरोबा जुना आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. त्या चित्रांना क्रमांक नव्हते. जितकी खपतील तितकी छापायची होती. आज त्यातल्या बऱ्या अवस्थेत उरलेल्या प्रती संग्राहक शोधत फिरतात. काही चित्रं दुर्मिळ ठरवून जन्माला येतात, काही वाळवी आणि पावसामुळे दुर्मिळ होतात.

पावसाळा आणि चौकट

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांसाठी कागदाचा खरा शत्रू दमट हवा आहे. जून ते सप्टेंबर कागदावर बुरशी धरते, तपकिरी ठिपके उमटतात, कसर लागते. प्रिंट बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नये. थेट ऊन पडणाऱ्या खिडकीसमोर तर नकोच. लाल आणि पिवळे रंग उन्हानं लवकर उडतात.

चौकटवाल्याला चार गोष्टी बजावून सांगाव्यात. माउंट आणि पाठीचा पुठ्ठा आम्लरहित हवा. काच आणि कागद यांत अंतर हवं, नाहीतर दमट हवेत शाई काचेला चिकटते. प्रिंट पुठ्ठ्यावर फेविकॉलनं किंवा टेपनं चिकटवायची नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या पातळ पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावून ती टांगायची. आणि चौकटीत बसत नाही म्हणून समास कापायचा नाही, चौकट मोठी करायची. गुंडाळून आलेली प्रिंट स्वच्छ हातांनी उलगडून सपाट ठेवावी आणि चौकट होईपर्यंत आम्लरहित कागदाच्या घडीत जपावी.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं रस्त्यावरच्या कलावंतांच्या प्रिंट जमवल्या आहेत आणि त्यांचं फिरतं प्रदर्शनही भरवलं आहे. पुसल्या जाणाऱ्या भिंतींची हकीकत पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवायला असे कागद कामी येतात. वॉटर्लू पुलाजवळची मुलगी आता तिथं नाही, पण तिच्या साडेसातशे प्रती कुठल्या ना कुठल्या घरात, संग्रहात, तिजोरीत आहेत. त्यातली प्रत्येक प्रत नीट राहिली, तिचे कागद तिच्यासोबत राहिले, ती अधूनमधून कुणाला तरी दाखवली गेली, तरच ते काम जिवंत राहील. यापुढं छापणार नाही हा शब्द कलावंतानं पाळला. जे छापलं ते सांभाळायचं आणि लोकांच्या नजरेआड होऊ द्यायचं नाही, ही दीडशेपैकी एक प्रत घेणाऱ्याची जबाबदारी आहे. ज्याला ती पेलायची तयारी आहे, त्यानं भावाचा तक्ता बाजूला ठेवून, रोज बघावंसं वाटेल असं एक चित्र खुशाल घ्यावं.